दोन्ही बाटल्या नितळ

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर चिडलेलीच होते. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात आमचं भांडण झालं होतं आणि उरलेलं सकाळी जाऊन भांडायचं ठरवून मी तिच्यासाठी डबा भरत होते. तिच्या भावानं एवढंच सांगितलं, ताई गेली. मी डब्याचं झाकण लावलं, मग उघडलं, मग परत लावलं. आता महिना होऊन गेला. भांडण अजून अर्धंच आहे...

ही बाई आयुष्यभर काय करत होती ते आधी सांगते, कारण तिच्या शोकसभेत बोलणाऱ्या निम्म्या लोकांना ते ठाऊक नव्हतं. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पाणी साचलं की खालच्या चिखलात मिथेन वायू तयार होतो. तो खाऊन जगणारे जिवाणूही त्याच चिखलात असतात. मिथेनचं ते आधी मिथेनॉल करतात, मग त्या मिथेनॉलमधून इलेक्ट्रॉन काढून घेतात. हा इलेक्ट्रॉन पुढे पोचवायला एक छोटंसं प्रथिन लागतं, लोह असलेलं, लालसर रंगाचं. ते नसेल तर जिवाणूला ऊर्जा नाही, सगळा कारभार ठप्प. सुजाता या पोचवणाऱ्याच्या मागे लागली होती. तिचे वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला होते. तू काय करतेस असं वसाहतीतलं कोणी विचारलं की म्हणायची, बाबा तारेतून वीज पाठवतात, मी या किड्याच्या पोटातली तार शोधून राहिली. जिवाणूला किडा म्हटलेलं मात्र दुसऱ्या कोणाचं खपवून घेत नसे.

चिखल आणायला आम्ही दोघी माझ्या स्कूटरवर कुहीला गेलो होतो. मी भौतिकशास्त्र शिकवणारी, माझा चिखलाशी संबंध नाही, पण तिला गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. बांधीत पाय टाकला की बुडबुडे वर यायचे आणि ही बया खुश. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसलेल्या एका आजीनं विचारलं, "चिखल काहून नेऊन राहिली वं माय?" झालं. सुजाता तिच्या शेजारी फतकल मारून बसली आणि इलेक्ट्रॉनपासून सगळं समजावून सांगितलं. यानं धान जास्त होते का, असं आजीनं शेवटी विचारलं, तर सरळ नाही म्हणाली. भर उन्हात मी स्कूटरजवळ ताटकळत उभी होते.

त्या चिखलातून तिनं एक जिवाणू वेगळा केला, त्याचं लाल प्रथिन शुद्ध केलं आणि ते इलेक्ट्रॉन घेतं हे परीक्षानळीत दाखवलं. सगळे म्हणाले, छापा. हिनं काय करावं? जिवाणूमधून त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलं. पोचवणारा गेला म्हणजे जिवाणू मिथेनवर वाढायला नको. तो पठ्ठ्या आरामात वाढला! म्हणजे इलेक्ट्रॉन आणखी कोणीतरी नेत होतं. मी म्हटलं, जेवढं सापडलं तेवढं छाप, बाकीचं पुढे बघ. तिच्या मागून आलेले विभागप्रमुख होऊन बसले होते. तिच्याकडे संशोधनाला विद्यार्थी टिकत नसत, कारण त्यांना पदवी वेळेत हवी असे. "अर्धं खरं छापून काय करू वं?" एवढंच तिचं उत्तर. मनीषनगरातल्या माझ्या स्वयंपाकघरात यावरून आमचं किती वाजलं असेल! रागाच्या भरात मी पोळ्या करपवायची आणि ती करपलेलीच उचलून शांतपणे खायची. तिचं ते शांत राहणं माझ्या फार डोक्यात जायचं.

पुढे दुसरा पोचवणारा सापडला, निदान तिला तसं वाटलं... आणि त्याच सुमारास कॅन्सर निघाला. केमो घेत घेत तिनं दोन्ही जनुकं काढलेला जिवाणू तयार केला. आता एकच प्रयोग उरला. दोन बाटल्या, दोन्हींत मिथेन. एकीत साधा जिवाणू, दुसरीत हा. चार-पाच दिवसांनी साध्याची बाटली गढूळ झाली आणि याची नितळ राहिली की तिचं म्हणणं सिद्ध. मे महिन्यात डोक्याला ओढणी गुंडाळून ती स्वतः प्रयोगशाळेत गेली, बाटल्या लावल्या आणि तिथूनच दवाखान्यात भरती झाली.

दुसऱ्याच दिवशी, त्या शेवटच्या संध्याकाळी, मी तिला म्हटलं, तुझ्या जिवाणूचा नमुना दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत पाठवून ठेव. खात्री झाल्याशिवाय दुसऱ्याच्या गळ्यात कशाला मारू, म्हणे. मी म्हटलं, तुझी खात्री होईपर्यंत तू राहशील का? बोलले, आणि बरोबरच बोलले. तिनं डोळे मिटले. "बाटल्या पाहून सांग मले," म्हणाली.

ती गेली आणि विद्यापीठातल्या तिच्या विभागानं तिच्या सन्मानार्थ प्रयोगशाळा बंद ठेवली. सन्मान! कुलूप लावताना कोणीतरी शिस्तीत मेन स्विचही पाडला. नागपूरचा मे आणि बंद खोली. बाटल्यांना थंडावा देणारं यंत्र बंद, डीप फ्रीजर बंद, त्यात जपून ठेवलेले नमुने वितळून वाया. कुलूप उघडलं तेव्हा मी तिथे होते. दोन्ही बाटल्या नितळ. तिची बाटली नितळ होती, अगदी तिला हवी तशी. पण साधा जिवाणूसुद्धा उकाड्यानं शिजून मेला होता. मग ही बाटली प्रथिन नसल्यामुळे नितळ राहिली की उकाड्यामुळे, कोण सांगणार? तो जिवाणू पुन्हा बनवायला वर्षं लागतील, आणि बनवणारं मागे कोणी नाही. मी तिथे कोणाला काय काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही.

शोकसभेत त्रिशरण झालं आणि मग विभागप्रमुखांनी जाहीर केलं की मॅडमचा अखेरचा प्रयोग यशस्वी झाला. माझ्या शेजारी सुजाताची आई बसली होती. तिनं माझा हात धरला.

"झालं ना वं शोभा, पोरीच्या मनासारखं?"

हो म्हणायला काय जात होतं? तोंडापर्यंत आलं होतं. पण निघालं ते भलतंच. "माहीत नाही, मावशी," मी म्हटलं. तिनं हात सोडला आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही.

परवा प्रमुखांचा फोन आला होता, मॅडमवरच्या या स्मृतिलेखात प्रयोग यशस्वी झाल्याचं आवर्जून लिहा म्हणून. छाप, छाप, असं मी सुजाताच्या मागे आयुष्यभर लागले. आज कागद माझ्यापुढे आहे, छापणारे तयार आहेत, एका वाक्यात तिचं नाव होईल आणि तिच्या आईला झोप लागेल. ते वाक्य काही माझ्याच्यानं लिहवत नाही, आणि त्यापायी मला सुजाताचा इतका राग येतो आहे की ती समोर असती तर... तिचं म्हणणं खरं होतं का, ते मला माहीत नाही. छापायचं तर एवढंच छापा.