ओढा की पऱ्या?

मंडळी, आज दुपारी मांडवीच्या किनाऱ्यावर मंदारशी कडाक्याचं भांडण झालं. कारण 'कातळसडा', आपल्या रत्नागिरीच्या पोरांचा रॉक बँड.

माझं म्हणणं, पहिला अल्बमच खरा. आंब्याच्या शेडमध्ये रेकॉर्ड केलेला, गिटार खरखरते, पण आपली वाटते. तिसरा मुंबईच्या स्टुडिओतला, नुसता कीबोर्डचा गुळगुळीतपणा. "पोरं मुंबईची झाली रे," मी म्हटलं.

मंदार ठाण्याला नोकरी करतो, सुट्टीला आलाय. तो चिडलाच. "मेल्या, शब्द कधी ऐकलेस का?"

माझ्या कानात इअरफोन कोंबून त्याने दोन गाणी लावली. दोन्ही गायकाच्या घरामागच्या पाण्यावरची. पहिल्या अल्बममध्ये तो 'ओढा' म्हणतो. तिसऱ्यात 'पऱ्या'.

मी इअरफोन काढला. आपल्याकडे पऱ्याला ओढा म्हणतंच कोण?

"इथे होते तेव्हा पुण्यातल्या लोकांना कळावं म्हणून गायचे," मंदार म्हणाला. "तिकडे गेल्यावर..."

वाक्य तसंच सोडून समुद्राकडे बघत बसला.

कीबोर्ड मला अजूनही आवडलेला नाही, सांगून ठेवतो. पण बाहेरगावी असलेल्यांनो, तिकडे गेल्यावर तुमच्या तोंडात आपला कुठला शब्द परत आला? खाली लिहा. मंदार परवा जातोय, त्याला वाचून दाखवायचेत.