साच्याच्या आतली हळद

माझी अख्खी पाठ मी पहिल्यांदा पाहिली ती आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर उलटी ठेवलेली.

ते लॉकडाऊनचं पहिलं वर्ष. नवरा बेडरूममध्ये लॅपटॉपसमोर बसून दिवसभर मीटिंगमध्ये गोड बोलायचा. इतकं गोड, की त्याच्या टीममधल्या बायकांचा मला हेवा वाटायचा. त्यांच्या वाट्याला तो आवाज आणि माझ्या वाट्याला हात. त्याला कारण काहीही पुरायचं. भाजीत मीठ कमी, वायफाय बंद, दुसऱ्या कुणाचं प्रमोशन. बेडरूमचं दार लागायचं. शेजारची आयरिश बाई जिन्यात भेटली की "ऑल ग्रँड?", म्हणजे सगळं ठीक ना, असं विचारायची आणि मीही "ग्रँड" म्हणायचे. पुण्यात भर चौकात रिक्षावाल्याची कॉलर धरणारी मी! आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

सासूबाई नागपूरहून आम्हाला भेटायला आल्या आणि विमानं बंद झाल्याने अडकल्या. दार लागलं की त्या टीव्हीचा आवाज वाढवायच्या. सकाळी तो कामाला बसला की मला किचनमध्ये बोलवायच्या, सोबत आणलेली आंबेहळद तेलात कालवायच्या आणि माझ्या पाठीवर लावायच्या. मुका मार हळदीने उतरतो म्हणून. तोंडातून अक्षर नाही. नवऱ्यापेक्षा मला त्यांचा संताप जास्त यायचा, कारण त्यांच्या बोटांना सगळं कळत होतं.

पुढच्या हिवाळ्यात शेजारणीने एका प्रदर्शनाबद्दल सांगितलं. जवळच्या मेनूथ गावातली एक शिल्पकार बाई ते भरवणार होती. विषय बाईचं शरीर आणि त्यावर हक्क कुणाचा, हा. कुणाला भेटायची सोय नव्हती, म्हणून तिने घरोघरी प्लास्टरच्या पट्ट्या पाठवल्या, मोडलेल्या हाताला गुंडाळतात तसल्या. आपल्याला स्वतःला कधी न दिसणाऱ्या भागाचा साचा घरातल्या माणसाकडून काढून घ्यायचा होता. मी पाठ निवडली. घरातली माणसं दोन. त्यातल्या एकाला विचारणं शक्यच नव्हतं.

"हे काय नवीन काढलं वं?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, माझा हात नाही पुरत. तुम्ही काढा."

त्यांनी नुकतीच हळद लावली होती. ती पुसायला गेले तर म्हणाल्या, "औषध कशाले पुसतं? राहू दे." वर खोबरेल चोपडलं आणि ओल्या पट्ट्या थापत गेल्या. प्लास्टर वाळताना गरम होतं. कित्येक महिन्यांनी पाठीला ऊब मिळत होती आणि मला रडू फुटलं. साचा सुटून आला, त्यांनी तो टेबलावर उलटा ठेवला आणि आम्ही दोघी वाकून बघू लागलो. आतून सगळा पांढरा, आणि जिथे जिथे मार होता तिथे पिवळा. खांद्याखाली मुठीएवढा डाग, बरगड्यांवर बोटं, कमरेशी लांबच लांब पट्टा. हळद लावताना त्यांना एका वेळी एकच जागा दिसत असावी. इथे सगळ्या एकदम समोर होत्या.

"एवढं?" त्या म्हणाल्या.

"एवढं."

तेवढ्यात नवरा चहाला बाहेर आला. हुशार माणूस, साचा आणि शेजारी पडलेलं प्रदर्शनाचं पत्रक बघून त्याला एका नजरेत कळलं.

"हे गोऱ्यांना दाखवणार? ऑफिसचे लोक येतील तिथे. 'युअर मॅन फ्रॉम इंडिया' म्हणतील, बायकोला मारतो! मेरी वाट लगा दे तू!"

साचा त्याने जमिनीवर फेकला आणि त्यावर पाय दिला. कण्याच्या जागी तडा गेला. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चुरा होईपर्यंत. मी आडवी गेले तर केस धरून माझं डोकं फ्रिजवर आपटलं. आजवर हे दाराआड व्हायचं. आज टीव्ही बंद होता आणि त्याची आई समोर उभी होती. तो आत गेला, आणि भिंतीपलीकडून गोड आवाज आला, "हाय टीम, सॉरी, जस्ट टू मिनिट्स लेट."

मी ओट्यावरचा तवा उचलला. त्याचं डोकं फोडायचंच, एवढंच मनात होतं. सासूबाईंनी माझं मनगट पकडलं.

"तू मारशील तं पोलीस तुले नेतील. ठेव तो तवा." मग म्हणाल्या, "पट्ट्या उरल्या काय?"

उरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीभर हळद कालवली. आता फक्त डोकं दुखत होतं, पाठीचे डाग तर आधीच फिकटत आले होते. तरी त्यांची बोटं न चुकता एकेका जागी टेकत गेली. पट्ट्याचं बक्कल लागलेली जागा मी विसरले होते, त्या नाही. लावता लावता त्या रडत होत्या आणि मला त्यांची दया येत नव्हती. आधी कुठे होतात, हेच मनात येत होतं. नवा साचा शेजारणीने बाळगाडीत घालून, वर ब्लँकेट टाकून बाहेर काढला.

उन्हाळ्यात प्रदर्शन उघडलं. मला ते बघायचंच, असा सासूबाईंनी हट्ट धरला. साचा फुटला म्हणजे विषय संपला, असं समजून तो आम्हाला गाडीने घेऊन आला. तोंडाला मास्क, अंगात कडक शर्ट. भिंतींवर कुणाची मान, कुणाची टाच. मधोमध माझी पाठ टांगलेली, आतली बाजू लोकांकडे करून.

त्याने माझा दंड आवळला. "घरी चल. आत्ता." नखं मांसात गेली. मी जागची हलले नाही.

साचा सासूने काढला हे मी आधीच कळवलं होतं. शिल्पकार बाई जवळ आली आणि तिने सासूबाईंना विचारलं, पिवळ्या जागा तुम्ही कशा ठरवल्या? मी तिचा प्रश्न मराठीत सांगितला. त्यांनी मास्क खाली ओढला आणि लेकाकडे बोट केलं.

"हा माहा पोरगा. मार याचा, हळद माही. मी वर्षभर हळद लावली आन् चूप राहिली. सांग तिले. एकही शब्द गाळू नको."

मी इंग्रजीत सांगितलं, खणखणीत आवाजात. हॉलमधली सगळी डोकी वळली. त्याचा दुसरा हात सवयीने वर गेला होता, तो तसाच हवेत राहिला. मग त्याने माझा दंड सोडला आणि कुणाकडेही न बघता बाहेर पडला.

दंडावर पाच बोटं लालभडक उमटली होती. माझा हात आपोआप सासूबाईंच्या पिशवीकडे गेला. हळदीचा डबा त्या कायम जवळ ठेवायच्या. त्यांनी पिशवी मागे ओढली.

"याले मी हळद लावणार नाही. दिसू दे."

तिथून आम्ही दोघी पायी गार्डा स्टेशनात, म्हणजे इथल्या पोलीस चौकीत गेलो. काउंटरपलीकडच्या पोलीस बाईने काय झालं विचारलं, तेव्हा मी "ग्रँड" म्हटलं नाही. बाही वर केली.