लांबच्या शाखेत उघडलं का?

आमच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या तळघरात एक सर्व्हर आहे आणि त्याच्या शेजारी एक माणूस बसतो. दोघांपैकी आवाज फक्त सर्व्हर करतो. माणसाला आम्ही वैद्य म्हणतो, कारण तो पंख्याची घरघर नाडीसारखी ऐकतो आणि सांगतो, "आज जरा जड वाटतंय." दुपारपर्यंत शहरातल्या सगळ्या शाखांमध्ये पुस्तक शोधायचं पान गोल गोल फिरायला लागतं. निदान कधी चुकलं नाही. औषधही कधी बदललं नाही: सोमवारी सकाळी, वाचक यायच्या आत, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करणे.

दुखणं साधं होतं. जावा भाषेत लिहिलेल्या आमच्या ॲप्लिकेशनला पुस्तकांची माहिती आणायला डेटाबेसची कनेक्शनं लागतात. ती सर्व्हरकडे मोजकीच असतात; लागेल तेव्हा एक उचलायचं, काम झालं की जागेवर ठेवायचं. आमच्या काउंटरवर चष्मा घरी विसरणाऱ्या वाचकांसाठी चष्म्यांचा एक डबा असतो, तसंच हे. त्या डब्यातले चष्मे लोक खिशात घालून गेले, आणि तेच ह्याचंही झालं. उशिरा आलेल्या पुस्तकांचं पान एखाद्या चुकीच्या नोंदीवर अडखळलं, की घेतलेलं कनेक्शन खिशात घालून निघून जाई. आठवड्याभरात डबा रिकामा, आणि मागचे सगळे रांगेत ताटकळत. वैद्याने कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये कनेक्शनांची संख्या वाढवली, म्हणजे डब्यात आणखी चष्मे टाकले. मेमरी वाढवली, म्हणजे डबा मोठा केला. मलमं सगळी लावून झाली. शस्त्रक्रिया तेवढी राहिली. ती प्रोग्रामच्या चार ओळींची होती, आणि कुठल्या चार, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

ती त्याने का केली नाही, हे कळायला सोमवार पाहायला हवा.

सर्व्हर चालू झाला की आमच्याकडे एक जुना नियम पाळतात: सगळ्यात लांबच्या शाखेला फोन करून पान उघडलं का ते विचारायचं. आपल्या घरात बसून आपलं घर उघडंच दिसतं. खरं काय ते बाहेरून येणाऱ्याला विचारावं, असा त्यामागचा विचार. सगळ्यात लांबची शाखा नदीपलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी. तिथला ग्रंथपाल म्हणजे वैद्याचा सख्खा थोरला भाऊ.

"उघडलं का?"

"उघडलं."

"वेळ लागला?"

"नाही."

"बरं. ठेवतो."

दोघा भावांचं आठवड्याचं बोलणं ते एवढंच. बाकी सगळं बंद होतं, आई गेली तेव्हापासून. आई धाकट्याकडे होती. ती गेली त्या सकाळी सर्व्हर कोलमडलेला, शाखाशाखांतून फोन, आणि वैद्य दवाखान्याच्या व्हरांड्यातून फोनवर कुणाला तरी सर्व्हरच्या आज्ञा सांगत होता. त्याला वाटलं, दादाला बायकोने कळवलं. बायकोला वाटलं, अशी बातमी भावाने भावालाच द्यायची असते. दादाला ती पुस्तक परत करायला आलेल्या एका वाचकाने दिली. "तुमच्या आईबद्दल ऐकून वाईट वाटलं," असं म्हणून तो गृहस्थ पुस्तकावर शिक्का मारून घ्यायला थांबला. दादाने शिक्का मारला.

त्यानंतर वैद्य दादाच्या घरी गेला होता. दादाने दार उघडलं, पाणी विचारलं, आणि पाणी पिऊन होईपर्यंत खिडकीबाहेर बघत उभा राहिला. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. हे भांडणही नव्हतं.

सोमवारचा फोन मात्र दादा उचलायचा. कार्यालयीन काम होतं, आणि कार्यालयीन कामात कसूर करणं त्याच्या रक्तात नाही. त्या दोन-चार शब्दांतून वैद्य आठवडाभर पुरेल एवढं काढायचा. आवाज बसलाय. मागे किटली शिटी मारतेय, म्हणजे चहा अजून स्वतःच करतो. पुतणी आलेली दिसतेय, कुणीतरी हसलं. एकदा दादा खोकला. वैद्याला राहवलं नाही.

"खोकला झालाय?"



"त्याचा सर्व्हरशी संबंध नाही," दादा म्हणाला.

हे वैद्याने आम्हाला जेवणाच्या सुट्टीत विनोद म्हणून सांगितलं. हसलो आम्हीच.

त्याच्या बायकोची जीभ धारदार आहे, आणि ती एकदा डबा द्यायला तळघरात आली असताना आमच्यासमोरच म्हणाली, "फोन उचलायचा आणि लावायचा. भाऊच आहे ना, लाटसाहेब नाही."

"लावून काय सांगू?"

"सांगायचं काय त्यात? आठवण आली म्हणावं."

"आठवण हे काही कारण नाही," वैद्य म्हणाला. आयुष्यभर लॉग, म्हणजे सर्व्हरने लिहून ठेवलेल्या नोंदी, वाचलेला माणूस. कारणाची ओळ नसली की त्याला काही सुचत नाही.

मग मुख्य कचेरीने एक इंजिनिअर बाई पाठवल्या. हुशार, मनमोकळ्या, आणि दुर्दैवाने कामाच्या. आल्या दिवशी त्यांनी विचारलं, "दर सोमवारी रीस्टार्ट का करता?"

"पद्धत आहे."

"कुणाची?"

वैद्याने पंख्याकडे बघितलं. बाईंनी खुर्ची ओढली, सर्व्हरचा लॉग वाचला, कनेक्शनं कुठे जातात ते शोधलं आणि चहा थंड व्हायच्या आत त्या चार ओळी लिहून टाकल्या. पान अडखळलं तरी कनेक्शन परत ठेवूनच जाईल, अशी सोय झाली.

"इतकं सोपं होतं," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता, नवल होतं.

"हो," वैद्य म्हणाला. "सोपं होतं."

सर्व्हर खडखडीत बरा झाला. शाखांमधून कौतुकाचे निरोप आले. वैद्याचा चेहरा पडलेला बघून कुणीतरी म्हणालंसुद्धा, रोगी बरा झाला आणि वैद्याला ताप आला.

पहिला सोमवार त्याने ढकलला. दुसऱ्या सोमवारी फोन लावला.

"उघडलं का?"

"बंद कधी पडलं होतं?" दादाने विचारलं.

"नाही, सहज," एवढं तो म्हणाला, आणि सहज हा शब्द त्यांच्यात इतका नवा होता की दोघांनीही फोन ठेवला.

त्यानंतर त्याने दुसरी सवय लावून घेतली. कुठल्या शाखेतून कुठलं पान मागितलं गेलं, ते मिळालं की नाही, ह्याची एकेक ओळ सर्व्हर लॉगमध्ये लिहीत जातो. मिळालं असेल तर ओळीच्या शेवटी दोनशे हा आकडा येतो. सकाळची पहिली ओळ नेहमी लांबच्या शाखेची असे, कारण दादा सगळ्यांच्या आधी येतो. वैद्य कोट न काढता पडद्यासमोर उभा राहायचा. ओळ उमटली की कोट काढायचा. "आला," असं पुटपुटायचा. पाऊलखुणा बघून समाधान मानणाऱ्या माणसाला काय म्हणतात, मला माहीत नाही. आमच्याकडे त्याला सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात.

थंडी संपता संपता एका सोमवारी तळघरातला फोन वाजला. इंजिनिअर बाईंनी उचलला आणि त्याच्यापुढे धरला. "नदीपलीकडची शाखा. तुम्हीच हवे आहात."

"उघडत नाहीये," दादा म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

वैद्याची बोटं सवयीने चालली. लॉग उघडला. लांबच्या शाखेची ओळ होती. शेवटी दोनशे. तिच्याखाली आणखी एक, तिलाही दोनशे. आणि ताजी एक, आत्ता, फोन वाजायच्या जरा आधीची. पान गेलं होतं, पोचलं होतं, प्रत्येक वेळी उघडलं होतं.

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. कोट अंगात तसाच.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"फिरतंय का?"

"फिरतंय," दादा म्हणाला. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस बोलतो तसा, जरा जोरात.

"थांब हं. बघतो."

"बघ. घाई नाही."

पलीकडे किटली शिटी मारायला लागली, मग कुणी तरी ती उतरवली असावी. बाईंनी सगळं हिरवंगार दाखवणाऱ्या आपल्या पडद्याकडे पाहिलं, मग वैद्याकडे.

"काही बिघडलंय का?"

वैद्याने फोनवर हात ठेवला. "लांबच्या शाखेला अडचण आहे. मी बघतो."

"वेळ लागेल?"

"लागेल बहुतेक."

त्या उठून बाहेर गेल्या. दार लोटून घेतलं, एवढं मी पायऱ्यांवरून पाहिलं. आतून वैद्याचा आवाज आला.

"दादा, खोकला कसा आहे?"

मी थांबलो नाही. पुढचं वैद्यानेच नंतर सांगितलं, ह्या वेळी विनोद म्हणून नव्हे. दादा म्हणाला होता, "त्याचा सर्व्हरशी..." आणि मध्येच थांबला होता.

मग म्हणाला, "पडलं की वाढतो. उशी उंच घेतो मी आता. आई घ्यायची तशी."