अर्थिंगला बांधलेला धागा

नत्थूजी वैरागड्यांना गॅरेजात सगळे मिस्त्री म्हणत, पण ते स्वतःला वैद्य समजत. गाडी आजारी आली की आधी बॉनेटवर हात ठेवून तिची विचारपूस करायची आणि मगच पेचकस काढायचा, ही त्यांची रीत. पोरं पाठीमागे हसत. हसोत बिचारी, त्यांच्याकडून गाड्या दुरुस्त कुठे होत होत्या!

नागपुरातल्या एका सरकारी खात्याचं ते गॅरेज. सत्तरच्या दशकात तिथे एक जुनी व्हॅन होती, बिनतारी सेटवाली. पावसाळ्यात कन्हान नदीच्या काठाकाठानं फिरायचं, पाणी कुठवर चढलं ते कंट्रोल रूमला कळवायचं आणि कंट्रोलनं सांगितलं की त्या गावाला जाऊन लोकांना हलवायचं, हे तिचं काम. व्हॅन चालवणारे बाबाराव आणि सेटवर बोलणारेही बाबारावच. खापा गावचा माणूस, तोंडाचा फटकळ, पण गाडीची काच स्वतःच्या दुपट्ट्यानं पुसणारा. त्यांची आणि नत्थूजींची दोस्ती अशी, की डबा कुणाचाही उघडो, जेवण दोघांचं व्हायचं.

एका वर्षी त्या सेटला खोड लागली. बोलता बोलता मधेच मुका व्हायचा आणि थोडं पुढे गेलं की आपोआप सुरू. बाबाराव कुरकुरत गॅरेजात यायचे, तर तिथे सेट खणखणीत. वैद्याच्या दारात पोचलं की दाढ दुखायची थांबते ना, तसलाच प्रकार. नत्थूजींनी सेटचे व्हॉल्व्ह बदलले, माइकची वायर बदलली, बॅटरी दुसरी बसवली. स्वतः शेजारी बसून कामठीपर्यंत जाऊन आले. गुळगुळीत सडकेवर सेट गुणी बाळासारखा बोलत राहिला.

एकच जागा त्यांनी उघडली नाही. सेटापासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत तांब्याच्या तारांची एक जाड वेणी सीटखालून गेलेली होती, अर्थिंगची. दसऱ्याला गॅरेजात गाड्यांची पूजा व्हायची. बाकीचे लोक चाकाखाली लिंबू ठेवत, बॉनेटवर हळदकुंकू वाहत आणि मोकळे होत. नत्थूजी मात्र सीट उचलून त्या वेणीवर नारळाचं पाणी शिंपडत आणि तिला लाल धागा गुंडाळत. धरतीमायशी नातं तुटलं तर सेट मुका, तेव्हा पूजा तिथेच करायची, हे त्यांचं गणित. दर दसऱ्याला धाग्यावर धागा चढत गेला. मीटरची टोकं त्या गुंडाळ्याच्या अलीकडे-पलीकडे टेकवली की काटा नीट हलायचा, म्हणजे तार शाबूत. मग देवाचा धागा कशाला कापायचा?

त्या पावसाळ्यात कन्हान फुगली. कंट्रोलनं व्हॅनला हाकांवर हाका मारल्या, उत्तर आलं नाही. नदीकाठच्या एका वस्तीतली दोन माणसं वाहून गेली आणि व्हॅन तिथून हाकेच्या अंतरावर उभी सापडली. चौकशी बसली. साहेबांचं म्हणणं सरळ होतं, ड्रायव्हरनं सेट बंद करून झोप काढली. बाबारावांनी एकच धरून ठेवलं, सेट आपोआप बंद पडतो, मिस्त्रीले विचारा.

मिस्त्रींना विचारलं. दोष आहे, एवढं म्हटलं असतं तर दोस्त वाचत होता. पण न दिसलेल्या रोगाचं नाव घ्यायचं कसं? आणि आपल्याला रोग सापडला नसेल, हे कबूल करायला वैद्याची जीभ वळेना. माणसाची अक्कल शेण खायला जाते ती अशा वेळी.

"सेटमंदी दोष नाही साहेब," ते म्हणाले.

बाबारावांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि व्हॅनची किल्ली टेबलावर ठेवली. नोकरी गेली. खाप्याला परतले, तर बातमी त्यांच्या आधी पोचलेली. माणसं बुडत होती तेव्हा हा झोपला होता, असं लोक तोंडावर म्हणत.

काही वर्षांनी व्हॅन लिलावात निघाली. सेट काढून घेण्याचं काम नत्थूजींकडे आलं आणि धागा कापल्याशिवाय सेट सुटेना. त्यांनी हात जोडले, मग ब्लेड चालवलं. वेणी हातात आली ती अर्धीच. उरलेली हिरवी भुकटी होऊन त्यांच्या मांडीवर सांडली. नारळाचं पाणी त्या धाग्यात मुरत राहिलं होतं आणि तांबं आतल्या आत खाऊन गेलं होतं. उरलेल्या चार तारा एकमेकींना नुसत्या टेकून होत्या. गुळगुळीत सडकेवर टेकलेल्या राहत, खड्ड्यात आदळलं की सुटत आणि पुढचा हादरा बसेपर्यंत सुटलेल्याच राहत. नत्थूजी त्या उखडलेल्या सीटच्या जागी बसून राहिले. त्यांना रडायला आलं आणि लाजही वाटली.

साहेब आता दुसरे होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, प्रकरण केव्हाच मिटलं, हा तांब्याचा तुकडा आता दाखवणार कुणाला?

तुकडा रुमालात बांधून नत्थूजी एसटीनं खाप्याला गेले. बाबारावांची बायको गोपिकाबाई दारात होती, ती या म्हणाली नाही, नुसती बाजूला झाली. बाबाराव खाटेवर बसले होते, अंगानं निम्मे झालेले. नत्थूजींनी सगळं सांगितलं, धागा, नारळाचं पाणी, सगळं. चौकात उभा राहून गावाले सांगतो, असंही म्हणाले.

बाबारावांनी तो तुकडा दुपट्ट्यानं पुसला आणि उजेडाकडे धरून पाहिला.

"सेट बंद पडला असन गा," ते म्हणाले. "पण मी बी झोपलो असन."

"तू काहून झोपशीन? तूच तर म्हणत होता, जागा होतो म्हणून."

"म्हणत होतो. मंग तू म्हटलं, दोष नाही. गावाचं मी कधी मनावर घेतलं नाही, पण तुह्या शब्दावर माहा भरोसा होता. म्हटलं, नत्थू म्हणते तर मलेच डोळा लागला असन. आता मले खरंच आठवत नाही गा, मी जागा होतो का झोपलो होतो."

बाबारावांनी तुकडा रुमालात होता तसा बांधून त्यांच्या हातात दिला आणि गोपिकाबाईंना चहा ठेवायला सांगितलं. लवकर ठेव, मिस्त्रीची एसटी निघून जाईन, म्हणाले.