आनसेल्मोची राहिलेली फेरी

बुएनोस आइरेसमधल्या त्या गल्लीत, पैसे मोजून स्वतःच्या आईबद्दल कुणाशी बोलला नाही असा एकच माणूस उरला होता. आनसेल्मो बेर्तोलोत्ती. बाकी झाडून सगळे आठवड्यातून एकदा कुठल्या ना कुठल्या मनोविश्लेषकाच्या कोचावर आडवे व्हायचे. खाटीक जायचा, खाटकाची सासूही जायची. दोघं वेगवेगळ्या वारी, एकमेकांबद्दल बोलायला. आनसेल्मोची बायको सुलेमा तर वीसेक वर्षं दर मंगळवारी डॉक्टर ग्रिनफेल्डकडे जात होती.

"एवढं बोलतेस तरी काय तिथं?" आनसेल्मो विचारायचा.

"तुझ्याबद्दल."

"आणि तो काय म्हणतो?"

"तो 'हं' म्हणतो."

"वीस वर्षं नुसतं 'हं'? एवढं तर मी फुकटात म्हणतो!"

"तू पेपर वाचता वाचता म्हणतोस, म्हाताऱ्या. तो माझ्याकडे लक्ष देऊन म्हणतो."

आनसेल्मोचा जन्म शहराची बस चालवण्यात गेला होता. माणसं ओळखायला त्याला डोक्यावरचा आरसा पुरायचा. कोण भांडून आलंय, कोण झोप काढायला चढलंय, कोण दुसऱ्याच्या खिशावर डोळा ठेवून आहे, सगळं त्यात दिसायचं. निवृत्त झाला आणि एक चमत्कारिक गोष्ट घडली. तो बसमध्ये पुन्हा चढलाच नाही. लेकीकडे जायचं तर चालत, दातवाल्याकडे जायचं तरी चालत. विचारलं की म्हणायचा, "पायांना व्यायाम नको का?" सुलेमा काही बोलायची नाही. मंगळवारी बोलायची.

त्या वर्षी मोहल्ल्यातल्या क्लबाने वाचनालयाच्या मदतीसाठी मानसशास्त्राची प्रश्नमंजुषा ठेवली. बक्षीस म्हणून डुकराची अख्खी खारवलेली तंगडी. प्रश्न विचारणार डॉक्टर ग्रिनफेल्ड. सुलेमाच्या संघात ती, औषधांच्या दुकानाचा मालक एल्विओ आणि मैत्रीण इरेने अशी तिघं होती. आदल्या आठवड्यात इरेने क्लबातच लाकडी गोळे टाकायचा खेळ खेळताना घसरली आणि पाय मोडून बसली.

"तू ये," सुलेमा नवऱ्याला म्हणाली.

"मला त्यातलं काय डोंबल कळतंय?"

"कळायचं कशाला? पाठ कर. थांबे पाठ केले होतेसच ना?"

मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, 'माते' नावाच्या कडू चहाचं भोपळ्याचं भांडं हातोहात फिरवत अभ्यास सुरू झाला. आनसेल्मोने एकेका विद्वानाला आपल्या जुन्या मार्गावरच्या थांब्यावर उभं केलं. डेपोत फ्रॉइड, कारण सुलेमाच्या म्हणण्याप्रमाणे सगळं तिथूनच सुरू होतं. खाटकाच्या दुकानापुढे, जिथं कुत्री लाळ गाळत बसायची, तिथं पावलोव्ह. टाचा उंच करून घंटी दाबणारा बुटका शिंपी उतरायचा त्या कोपऱ्यावर न्यूनगंडवाला आडलर. रेल्वेच्या जिन्याशी गरजांची उतरंड मांडणारा मॅस्लो. कबुतरांच्या चौकात स्किनर. शाळेपाशी पियाजे. युक्ती नामी होती. खोट एवढीच की त्याला नावं क्रमानेच यायची. पियाजे हवा असला, तरी बस डेपोतून काढावी लागायची.

"आता मनाच्या पळवाटा," सुलेमा म्हणाली. "नाकारणं म्हणजे काय?"

"ठाऊक नाही."

"डोळ्यांसमोर आहे ते नाहीच म्हणायचं. उदाहरणार्थ, तुझे केस."

डाव्या कानावरून उजव्या कानापर्यंत ओढून आणलेल्या केसांवर आनसेल्मोने हात फिरवला. "माझ्या केसांना काय झालंय?"

"बरोब्बर! पूर्ण मार्क. आता प्रक्षेपण?"

"आपल्यातला दोष दुसऱ्याच्या गळ्यात मारणं. तुझी बहीण मला चिक्कू म्हणते तसं."

विकारांचा भाग एल्विओकडे होता. त्याचा धंदा गुप्ततेचा, त्यामुळे तो कुणाचं नाव घेत नसे. फक्त मंत्रचळ म्हणताना त्याची हनुवटी आपोआप समोरच्या बाल्कनीकडे वळायची आणि भयगंड म्हणताना पाववाल्याच्या दुकानाकडे.

"अरे, तू तर अख्खी गल्लीच सांगतोयस," आनसेल्मो म्हणाला.

"मी? मी कुठं काय बोललो?"

शनिवारी दुपारी क्लब भरून गेला. व्यासपीठावर तंगडी टांगली होती. ग्रिनफेल्ड पुढे झाला आणि त्याने आनसेल्मोचा हात हातात घेतला.

"तुम्हाला भेटायची फार दिवसांची इच्छा होती."

"मला नव्हती," आनसेल्मो म्हणाला. ह्या माणसाला आपलं घोरणं ठाऊक आहे, आपले मोजे ठाऊक आहेत, आणि आपल्याला ह्याच्या बायकोचं नावसुद्धा माहीत नाही, हे त्याला डाचत होतं.

"हं," ग्रिनफेल्ड म्हणाला.

समोरच्या संघात विद्यापीठातल्या तीन मुली होत्या, चटपटीत. तरी सुलेमाने फ्रॉइडचा एक प्रश्न सोडला नाही आणि एल्विओने विकार धडाधड सांगितले. मुलांची बुद्धी टप्प्याटप्प्याने वाढते असं कोण म्हणालं, हा प्रश्न आनसेल्मोच्या वाट्याला आला. त्याने डोळे मिटले, गिअर टाकला आणि बस डेपोतून काढली. ओठ हलत होते, उजवा हात गिअर बदलत होता. कबुतरांच्या चौकात त्याने कुणाला तरी शिवीही हासडली. वेळ संपता संपता तो ओरडला, "पियाजे!" लोकांनी बाकं बडवली.

शेवटचा प्रश्न उरला तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. पाळी पुन्हा आनसेल्मोची.

"वेटरला बिल होईपर्यंत कुणी काय मागवलंय ते सगळं आठवतं," ग्रिनफेल्ड म्हणाला. "बिल झालं की विसरतो. अपुरं राहिलेलं काम मनाला चिकटून बसतं. ह्या परिणामाला कुणाचं नाव आहे?"

आनसेल्मो उठून उभा राहिला. त्याच्या मार्गावर हा थांबाच नव्हता.

"नाव नाही माहीत," तो म्हणाला. "पण ते खरं आहे."

कुणीतरी हसलं. त्याचं लक्ष नव्हतं.

"माझा शेवटचा दिवस होता. ला बोकाला, शेवटच्या थांब्यावर डेपोतली पोरं केक घेऊन उभी होती. सुलेमाही होती. सान हुआन रस्त्याच्या कोपऱ्यावर गिअरबॉक्स गेला. धूर नुसता! माणसं मागच्या बसमध्ये बसवली. साहेब म्हणाला, घरी जा. गाडी ओढून नेणाऱ्याने मला दारात सोडलं. केक डेपोत परत गेला, तो मेकॅनिकांनी खाल्ला." तो थांबला. "लेसामा बाग राहिली. ब्राउन रस्ता राहिला. मग पूल. डोळे मिटले की मी त्या कोपऱ्यावरच असतो, आणि मागे सगळे हॉर्न वाजवत असतात."

सुलेमा तोंडाला हात लावून बसली होती. ग्रिनफेल्डने घड्याळ पाहिलं आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "बरं, आज आपण इथंच थांबू."

अख्खा क्लब खो खो हसत सुटला. प्रत्येकाने हे वाक्य आपापल्या कोचावर, ऐन रंगात आल्यावर ऐकलेलं होतं. खाटकाची सासू डोळे पुसत हसत होती. बिचारा ग्रिनफेल्ड कानापर्यंत लाल झाला. तेवढ्यात समोरच्या एका मुलीने "झायगार्निक" म्हणून सांगून टाकलं आणि तंगडी विद्यापीठात गेली.

घरी जाताना सुलेमाने त्याला रस्त्यातच थांबवलं.

"तू तर म्हणाला होतास, बरं झालं, लवकर सुटलो."

"म्हणालो होतो."

"आणि मी खरं मानलं. अरे जाड्या, एवढी वर्षं मी तिथं तुझंच दळण दळतेय, आणि हेच मला माहीत नव्हतं!"

"मला तरी कुठं होतं? तिथं उभं राहिल्यावर कळलं."

रविवारी ती त्याला सान हुआनच्या त्या कोपऱ्यावर घेऊन गेली. बस आली. आनसेल्मोचा पाय पायरीवर अडखळला. सुलेमाने मागून ढकललं. ड्रायव्हर तरुण बाई होती. तो तिच्या मागेच बसला आणि दर वळणाला सूचना देऊ लागला.

"क्लच सोड आता. सोड, सोड!"

"आजोबा, ह्या गाडीला क्लच नाही."

"मग इतके गचके का देतेस?"

"तुम्ही बोलताय म्हणून."

लेसामा बाग गेली. ब्राउन रस्ता गेला. पूल दिसला तेव्हा त्याने सुलेमाचा हात धरला. शेवटच्या थांब्यावर एक माणूस बादलीतल्या पाण्याने चाकं धूत होता. बाकी कुणी नव्हतं. आनसेल्मो उतरला, गाडीच्या पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाला, "भूक लागली."

कोपऱ्यावरच्या पिझ्झेरियात त्यांनी उभ्याउभ्याच चिजाने निथळणारे तुकडे खाल्ले, बिअर घेतली. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. जन्मात कधी बसमध्ये न झोपलेला माणूस डोकं काचेला टेकवून घोरायला लागला. सुलेमालाही डुलकी लागली. जाग आली तेव्हा त्यांचा थांबा केव्हाच मागे पडला होता, आणि दोघं एकमेकांना दोष देत उलट चालत घरी आले.