कातडीपुरता हात

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. मालिशच्या खोलीत पाना कामाला लागली आहे. गंजलेला नट सोडवावा तशा आखडलेल्या पाठी सैल करते म्हणून गिऱ्हाइकांनीच तिला हे नाव ठेवलं. गोदामातले हमाल तिच्या कोपराखाली दात आवळून पडून राहतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात. सकाळच्या या वेळी टेबलावर मात्र तिची थोरली नणंद असते.

वन्सं शिवणकाम करतात. छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हा काखेतल्या गाठीही काढल्या. काही महिन्यांनी उजवा हात सुजून खांब झाला. कात्रीच्या भोकात अंगठा जाईना. कात्री थांबली की दुकान थांबलंच.

"तुझा तो अंगठा लाव, सुजेची रग जिरव एकदाची," वन्सं पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या.

पानाच्या बोटांनाही तेच ठाऊक होतं. पण हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी तिला शेजारी उभं करून दाखवलं होतं: इथे रगडायचं नाही, नुसती कातडी सरकवायची. आधी मानेपाशी, मग छातीवरून दुसऱ्या काखेकडे, म्हणजे सुजेत साचलेल्या पाण्याला वाट होते. सुजलेला हात सगळ्यात शेवटी, आणि त्यावर पट्ट्या.

"वहिनी, झोपलीस की काय? माशी बसली तरी याहून जास्त कळतं."

"मग उद्यापासून माशीलाच बोलावते, वन्सं. गप पडा."

असे दोन आठवडे गेले. आज पट्ट्या सोडल्या तेव्हा मनगटावर सुरकुत्या दिसल्या. वन्सं उठून बसल्या. गळ्यातला टेप काढून त्यांनी दंडाला गुंडाळला, आकडा पाहिला, टेप सोडला, पुन्हा गुंडाळला.

"उतरलाय गं. का मी चुकतेय?"

"तुम्ही आणि मापात चुकाल?"

पाना आपल्या तळव्यांकडे बघत राहिली. आजवर तिने जोर विकला होता. इथे तो लावलाच नव्हता, आणि कातडीखालचं पाणी आपल्या वाटेने निघून गेलं होतं. हे आपल्या हातून झालं, यावर तिचा विश्वास बसेना.

वन्संनी पिशवीतून कात्री काढली. अंगठा पेरापर्यंत गेला आणि अडला.

"पंधरा दिवसांपूर्वी नखही जात नव्हतं," त्या म्हणाल्या आणि परत आडव्या झाल्या.

पट्ट्या पुन्हा चढल्या. उद्या सकाळी सातची वेळ वन्संचीच आहे. बाकीच्या गिऱ्हाइकांना पानाने आठनंतर बोलावलं आहे.