विषय : मॅडमांच्या तब्येतीबाबत

समजा, तुम्हाला एका कंपनीला पत्र लिहायचंय. प्रति, विषय, संदर्भ, महोदया, शेवटी आपली विश्वासू. पण विचारायचंय एवढंच, की तिथली एक बाई बरी आहे ना. विषयाच्या ओळीत काय लिहाल?

डोळखांबच्या हिराबाई त्या ओळीपाशी तासभर बसून होत्या. त्या बचत गटाच्या सचिव, सातवी शिकलेल्या. गटाचे नाचणीचे पापड ठाण्याची एक कंपनी घेते. हिराबाई पत्र वहीत लिहून आणतात, मी माझ्या कॉम्प्युटर सेंटरवर टाइप करून मेल करतो. आलेल्या उत्तराची प्रिंट त्या घडी न घालता पिशवीतून नेतात. मुलगा-सून भिवंडीला. कापणी झाली की पाड्यातली निम्मी घरं कामाला बाहेर जातात, दारांना कड्या. हिराबाईंच्या नावानं दुसरं काही येत नाही.

पहिल्याच पत्रात त्यांनी लिहिलं होतं, 'आपण खुशाल असाल.' मी ते काढलं.

"मावशी, व्यवहाराच्या पत्रात खुशाली लिहीत नाहीत."

"का रे? मशीनला लिवतोस का माणसाला?"

तरी त्यांनी ऐकलं. चार वर्षं ऐकलं. पण कंपनीच्या निशिगंधा मॅडमच आपल्या नावाखाली एक ओळ जास्तीची लिहायच्या. 'पापड आईला आवडले.' 'तुमच्याकडे थंडी पडली का?' हिराबाई तेवढी ओळ मला मोठ्यानं वाचायला लावत. तिला उत्तर मात्र आम्ही कधीच दिलं नाही. माझ्या नमुन्यात तिला जागा नव्हती.

जूनमध्ये मॅडमांचं पत्र आलं : प्रकृतीच्या कारणास्तव रजेवर जात आहे, यापुढे खरेदी विभागाशी पत्रव्यवहार करावा. नावाखाली काहीच नव्हतं.

म्हणून तो तासभर. शेवटी हिराबाईंनी लिहिलं, 'विषय : मॅडमांच्या तब्येतीबाबत.' खाली संदर्भ, तारीख, सगळं जागच्या जागी. मी एक अक्षर बदललं नाही.

आठ दिवसांनी उत्तर आलं. 'सदर विषय या विभागाच्या अखत्यारीत येत नाही. नवीन मागणी सोबत जोडली आहे.' खाली 'खरेदी विभाग'. नाव नाही.

"मावशी, पन्नास किलोची ऑर्डर आहे!"

त्यांनी मागणीचा कागद पिशवीत ठेवला. पत्र परत माझ्यापुढे सरकवलं.

"यांच्याकडं नाय येत म्हणतात. मग मला सांग रे, माणसाची तब्येत कंच्या विभागात येते?"